लहान मोटारीचा सौदा
(ज्ञातिसंघाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसांनी आमच्याकडे विषय मागितला, तेव्हा आम्ही ‘मोटारगाडी’ असे सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले. अडतीस वर्षे प्राथमिक शाळेत गणित शिकविलेला, मॅट्रिकपुढे केवळ अध्यापनाची पदविका घेतलेला मनुष्य मोटारीविषयी काय बोलणार, अशी शंका त्यांच्या मुद्रेवर स्पष्ट दिसली. शंका रास्त आहे. यंत्राच्या अंतरंगातले आम्हांस फारसे कळत नाही. परंतु आज आपल्या ज्ञातीतील मध्यम स्थितीच्या कुटुंबात घराखालोखाल मोठी खरेदी होते ती लहान मोटारीची. तीत आम्ही एकदा पुरते फसलो, आणि एकदा फसता फसता वाचलो. दोन्ही वेळचे कागद आम्ही जपून ठेवले आहेत, आणि त्या कागदांच्या बळावरच आज बोलावयास उभे आहोत.

प्रथम थोडे मागे जाऊ. आमचे तीर्थरूप खटाव तालुक्यातील बाजारांतून तांब्यापितळेची भांडी विकीत. आपणांपैकी अनेकांच्या घरी हाच व्यवसाय होता, म्हणून ‘मोड’ हा शब्द वडीलधाऱ्यांना समजावून सांगण्याची गरज नाही, तरुणांसाठी सांगतो. गिऱ्हाईक जुने फुटके भांडे घेऊन येई, ते मोडीत देई आणि वर पैसे घालून नवे नेई. तीर्थरूपांचा एक नियम होता. मोड आधी वेगळी तोलावयाची, तिची घट गिऱ्हाइकासमक्ष सांगावयाची, आणि रक्कम ठरल्यावरच नव्या भांड्याला हात लावावयाचा. दोन्ही भाव एकत्र बोलणाऱ्या दुकानदाराविषयी ते म्हणत, “त्याच्या काट्याला दोन पारडी नाहीत.” हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. परंतु २०२० च्या जानेवारीत, सेवानिवृत्तीचे पैसे हाती आल्यावर, गार हवेच्या काचबंद दालनात आम्ही शिरलो आणि ते साफ विसरलो.

आमच्याजवळ एक जुनी मारुती ८०० होती, तीही दुसऱ्या हातची. ती देऊन नवी लहान गाडी घ्यावी असा बेत होता. विक्रेत्याने थंड पाणी दिले, कॉफी दिली, आमच्या नोकरीची वास्तपुस्त केली आणि सांगितले, “जुन्या गाडीचे चाळीस हजार, शिवाय अदलाबदलीचा बोनस पंधरा हजार.” पंचावन्न हजारांचा आकडा ऐकून आम्ही हर्षभरित झालो. पुढे महिन्याभराने दोन गोष्टी कळल्या. गावातील मिस्त्री त्याच गाडीचे बासष्ट हजार द्यावयास तयार होता. आणि जुनी गाडी न देणाऱ्या गिऱ्हाइकास त्याच दालनात नव्या गाडीवर वीस हजारांची सूट मिळत होती, जी आम्हांस मिळाली नव्हती. म्हणजे मोडीत सात हजार गेले आणि नव्यात वीस हजार. कासाराचा मुलगा मोडीच्या व्यवहारात सत्तावीस हजारांस बुडाला!

एवढ्यावर भागले नाही. गाडी घरी आल्यानंतर टायरवरील चार अंकांकडे आमच्या पुतण्याने लक्ष वेधले. ते अंक ‘०९१९’ असे होते. त्यांचा अर्थ, २०१९ सालच्या नवव्या आठवड्यात तयार झालेला टायर. नोंदणीपुस्तकात गाडीच्या निर्मितीचा महिना पाहिला, तर मार्च २०१९. नवी म्हणून घेतलेली गाडी दहा महिने कुठल्याशा आवारात उन्हापावसात उभी होती. त्या वर्षी १ एप्रिल २०२० पासून बी.एस.-६ हे धूरविषयक नवे मानक लागू व्हावयाचे होते, त्यामुळे जुन्या मानकाच्या गाड्या खपविण्याची घाई सर्वत्र चालली होती. गाडी जुन्या साठ्यातील असणे हा अपराध नव्हे. घेणाऱ्याला ते माहीत असावे आणि भाव त्या मानाने उतरावा. आम्हांस माहीत नव्हते. आम्ही विचारलेच नाही.

का विचारले नाही, यावर आम्ही पुष्कळ विचार केला आहे. आमच्या पिढीने मोटारीच्या दुकानात गिऱ्हाइकाला याचक म्हणून उभे राहिलेले पाहिले. अँबॅसिडर आणि पद्मिनी यांच्या काळात पैसे भरून नंबर लावावा लागे आणि वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. स्कूटरचीही तीच कथा. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली तरी प्रारंभी रांग होतीच. आज ती स्थिती उरलेली नाही. महिनाअखेरीस गाडी खपावी म्हणून विक्रेताच चिंतेत असतो. परंतु आपल्या मनातील याचक अजून उठून गेलेला नाही. दुसरे कारण अधिक नाजूक आहे. काचेच्या दालनात भाव करणे हे अडाणीपणाचे लक्षण, असे आपल्या सुशिक्षित मुलांना वाटू लागले आहे. भाजीवालीशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालावी आणि सात लाखांच्या कागदावर न वाचता सही करावी, ही रीत आम्हांस उलटी वाटते.

आता दुसऱ्या खरेदीची हकीकत.

आमच्या धाकट्या बंधूंची मूत्रपिंडे २०२४ साली निकामी झाली. आठवड्यातून दोन वेळा त्यांना गावाहून साताऱ्यास डायलिसिसकरिता न्यावे लागते. जाण्याचे चाळीस किलोमीटर, येण्याचे चाळीस, मध्ये वर्धनगडचा घाट. एस.टी.ने जाणे होते. येणे होत नाही, कारण उपचारानंतर मनुष्य गळून जातो. भाड्याची गाडी एका फेरीस दीड हजार घेई. आठवड्यास दोन, म्हणजे वर्षास एकशे चार फेऱ्या. एक लाख छप्पन्न हजार रुपये, महिन्याला तेरा हजार. शिवाय गाडीवाला ऐनवेळी लग्नाच्या वऱ्हाडास जाई, तो प्रसंग निराळाच. म्हणून २०२५ च्या दिवाळीनंतर घरात ठरले की लहान मोटार घ्यावी. पुतण्या ती चालवील.

निवड करताना आम्ही प्रथम कागदावर लिहिले की ही गाडी कोणासाठी आहे. हे वाक्य क्षुल्लक वाटते, पण निम्मी निवड त्यात होऊन जाते. गाडी अशा माणसासाठी होती, ज्याला खाली वाकून बसता येत नाही आणि खोल आसनातून उठता येत नाही. म्हणून दिसण्यात डौलदार, बुटक्या गाड्या पहिल्या दिवशीच गळाल्या आणि उंच बांध्याची, सरळ पाठीने आत सरकता येईल अशी गाडी उरली. बंधूंना प्रत्यक्ष नेऊन, दार उघडून, तीन वेळा बसवून उठवून पाहिले. दालनातील मुलांना गंमत वाटली असेल, वाटो.

लांबीचाही प्रश्न आहे. चार मीटरपेक्षा कमी लांब आणि पेट्रोल किंवा गॅसवर चालणारी असल्यास बाराशे सी.सी.पर्यंतच्या इंजिनाची गाडी सरकार लहान समजते. अशा गाडीवर पूर्वी उपकरासह एकोणतीस टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो अठरा टक्के झाला. विक्रेते ही घट स्वतःची सवलत असल्यासारखी सांगतात. कर कमी करणे हे सरकारचे काम. विक्रेत्याने आपल्या पदरचे काय सोडले, हा प्रश्न त्यानंतर शिल्लक राहतोच. सुरक्षिततेविषयी थोडक्यात सांगतो. दोन एअरबॅग तर कायद्यानेच आवश्यक आहेत. २०२५ पासून काही स्वस्त गाड्यांतही सहा मिळू लागल्या. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारतातच गाड्यांची धडक-परीक्षा घेऊन तारे देण्याची पद्धत सुरू झाली आहे. घ्यावयाच्या गाडीला किती तारे, की परीक्षाच झालेली नाही, हे विचारून घ्यावे.

चालवून पाहण्यासाठी विक्रेता सपाट रस्त्यावर एक चक्कर मारून आणतो. आम्ही हट्ट धरला की चार माणसे बसवून, वातानुकूल यंत्र चालू ठेवून, यवतेश्वरच्या घाटात गाडी न्यावयाची. एक लिटरचे इंजिन चढावर दुसऱ्या गिअरवर येते, गॅसवर तर थोडे अधिकच दमते, पण चढते. वर्धनगडासाठी तेवढे पुरे होते.

पेट्रोल की सी.एन.जी., यावर घरात दोन रात्री वाद झाला. आमचा हिशेब असा. आमच्याकडील भावाने पेट्रोलवर किलोमीटरला सव्वापाच रुपये, गॅसवर सव्वातीन. अंतर दोन रुपयांचे. गॅसची गाडी नव्वद हजारांनी महाग. म्हणजे पंचेचाळीस हजार किलोमीटर चालल्यावर जादा पैसे वसूल होतात. आमची स्वतःची गाडी वर्षाला चार हजार किलोमीटरही चालत नाही. आम्ही गॅसची घेतली असती तर वसुलीस अकरा वर्षे लागली असती. पुष्कळ निवृत्त मंडळी इथेच चुकतात. बंधूंची गाडी मात्र वर्षाला दहा हजार चालणार. साडेचार वर्षांत वसूल. शिवाय महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतील पेट्रोल गाडीला अकरा टक्के वाहनकर आहे, तर गॅसच्या गाडीला आठ टक्के. आकडे गॅसच्या बाजूने होते. तरी आम्ही पेट्रोलचा आग्रह धरला, कारण गॅसच्या पंपावरील रांग आम्ही पाहिली होती. अर्धमेल्या अवस्थेतील बंधूंना त्या रांगेत तासभर कसे बसवावयाचे? तेव्हा आमची भावजय स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, “अण्णा, ह्यांचं चार तास आत चालतं. तेवढ्या वेळात पोरगा गाडी रांगेत लावून गॅस भरून आणील की.” आम्ही दोन रात्री आकडेमोड केली, आणि उत्तर तिच्याजवळ होते. टाकी डिकीतील जागा खाते आणि दर तीन वर्षांनी तिची तपासणी करून घ्यावी लागते, हे दोन तोटे समजून उमजून आम्ही गॅसची गाडी ठरविली.

त्यानंतर सौदा. दालनात आमच्यापुढे जो तरुण विक्रेता आला, तो आमचाच विद्यार्थी निघाला. “गुरुजी!” म्हणून वाकून नमस्कार केला, खुर्ची पुढे सरकविली, आणि त्यानंतर सात लाख पंधरा हजारांचा कागद आमच्या हाती ठेवला. नमस्कार आणि कागद दोन्ही मनापासून होते, असे आम्ही समजतो.

तो कागद येथे वाचून दाखवितो. गाडीची दालनातील किंमत ५,९०,००० रुपये. वाहनकर ४७,२००. नोंदणी व तदनुषंगिक शुल्क २,३००. फास्टॅग ६००. येथवर सरकारी वा अपरिहार्य खर्च झाला. यापुढे विमा ३४,०००, ‘हाताळणी’ ८,५००, ‘अत्यावश्यक साहित्यसंच’ १४,९००, वाढीव हमी ११,०००, तळाला व रंगाला लेप ६,५००. बेरीज बरोबर ७,१५,०००. बेरीज बरोबर असली म्हणजे हिशेब खरा असतो असे नव्हे, हे आम्ही पाचवीच्या वर्गाला शिकवीत असू.

आम्ही त्यास विचारले, “बाळ, हाताळणी म्हणजे काय?” तो म्हणाला, “गुरुजी, गोदामातून गाडी इथवर आणायचा खर्च.” आम्ही म्हटले, “तुझ्या मालकाने माल दुकानात आणला, तो खर्च किमतीत नाही काय? आमचे वडील भांडी बाजारात आणण्याची हमाली गिऱ्हाइकाकडून वेगळी घेत नसत. ही रक्कम सरकारात जमा होते काय? तशी पावती देशील?” तो हसला आणि हळूच म्हणाला, “आकडे वरून येतात, गुरुजी. मागणाऱ्याला काढून देतात.” हे वाक्य आपण सर्वांनी लक्षात ठेवावे. न मागणाऱ्याला कोणी काढून देत नाही.

विम्याबद्दल थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण विक्रेत्याची खरी मिळकत तेथे असते. नव्या मोटारीला त्रयस्थ व्यक्तींच्या नुकसानीचा विमा तीन वर्षांचा घ्यावाच लागतो. हा नियम १ सप्टेंबर २०१८ पासून आहे. एक हजार सी.सी.पर्यंतच्या गाडीसाठी त्याचा दर २०२२ साली ६,५२१ रुपये ठरविण्यात आला, आणि तो सर्व कंपन्यांना सारखाच असतो. आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग मात्र प्रत्येक कंपनी निरनिराळ्या दराने देते, आणि तो कोणाकडून घ्यावयाचा हे गिऱ्हाइकाने ठरवावयाचे असते. आम्ही तेवढ्याच संरक्षणाचा विमा बाहेर विचारला तो २६,५०० रुपयांना मिळाला. दालनातील व्यवस्थापक म्हणाले, “बाहेरचा विमा घेतलात तर अपघातानंतर रोख पैसे भरावे लागतील.” तसे नाही. रोख न भरता दुरुस्ती मिळणे हे विमा कंपनीचा त्या कार्यशाळेशी करार आहे की नाही यावर अवलंबून असते. विमापत्र कोणाच्या टेबलावर फाडले यावर नव्हे. आम्ही विमा कंपनीस दूरध्वनी करून त्या कार्यशाळेचे नाव यादीत आहे याची खात्री करून घेतली. आणखी एक. ज्यांच्याजवळ जुनी गाडी आहे आणि ज्यांनी विम्याचा दावा केलेला नाही, त्यांची साचलेली सवलत जुनी गाडी विकल्यावर नव्या गाडीच्या विम्यास लावता येते. २०२० साली आमची पस्तीस टक्के सवलत अशीच वाया गेली; कोणी सांगितले नाही, आम्ही विचारले नाही.

त्याच कंपनीच्या कराडच्या आणि पुण्याच्या विक्रेत्यांकडूनही आम्ही लेखी भाव मागविले. मागताना एकच प्रश्न विचारला : चावी हाती येईपर्यंत एकूण किती? ‘किती सूट?’ हा प्रश्न आम्ही मुळीच विचारला नाही, कारण सूट एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने घेता येते. एकूण रकमेला दोन हात नसतात. कराडच्या कागदावर हाताळणी नव्हती आणि लेपही नव्हता. तो कागद घेऊन आम्ही नोव्हेंबरच्या २९ तारखेस, महिनाअखेरीस, साताऱ्याच्या दालनात पुन्हा गेलो.

व्यवस्थापकांपुढे कागद ठेवला आणि गप्प बसलो. तीर्थरूप भाव सांगून झाल्यावर तंबाखू मळीत बसत आणि गिऱ्हाइकास बोलू देत. आम्हांस तंबाखूचे व्यसन नाही, म्हणून चष्मा पुसत बसलो. त्यांनी प्रथम सांगितले की सूट नाही. मग सांगितले की साहित्यसंच घेतल्यास सूट आहे. मग आत जाऊन आले. अखेरीस हाताळणी गेली, साहित्यसंच गेला, लेप गेला, विमा बाहेरून घेण्यास मान्यता मिळाली, वाढीव हमी मूळ हमीची मुदत संपण्यापूर्वी केव्हाही घेता येते म्हणून आम्ही ती पुढे ढकलली, आणि वर पंधरा हजार उतरले. एकूण रक्कम ६,५१,६०० रुपये. गावातून आसनांची आवरणे व पायपुसणी साडेचार हजारांस आणली. म्हणजे पहिल्या कागदाच्या मानाने अठ्ठावन्न हजार नऊशे वाचले. बंधूंच्या भाड्याच्या गाडीच्या सुमारे एकोणचाळीस फेऱ्या होतात तेवढ्या पैशांत.

आमच्या विद्यार्थ्याचे काय, असे सौ.ने त्या रात्री विचारले. विमा आणि साहित्य यांवरच त्या मुलांना चार पैसे अधिक मिळतात, हे आम्हांस नंतर कळले, आणि थोडे वाईट वाटले. त्यानंतर दोन परिचितांस आम्ही त्याच्याकडे धाडले आहे. मात्र कोरा तक्ता हाती देऊन.

कर्जाचे राहिले. दालनात बसलेल्या कर्जवाल्या गृहस्थाने “अवघा साडेपाच टक्के” असे सांगितले; बँक नऊ टक्के सांगत होती. पुतण्या साडेपाचाला भुलला. परंतु साडेपाच हा सरसकट दर होता, म्हणजे पाचही वर्षे मूळ पाच लाखांवर व्याज. ते १,३७,५०० होते. बँकेचा नऊ टक्के उतरत्या शिलकेवर. पाच वर्षांत १,२२,७५१, हप्ता १०,३७९. नऊ हा आकडा साडेपाचाहून लहान निघाला, हे पाहून पुतण्याने आम्हांस प्रथमच गणिताचे शिक्षक म्हणून मान दिला. हप्ता कमी व्हावा म्हणून सात वर्षे मुदत घ्यावी, असेही सुचविण्यात आले. हप्ता ८,०४५ झाला असता, आणि व्याज सुमारे त्रेपन्न हजारांनी वाढले असते. पाच वर्षेच घेतली. हप्ता आणि गॅस मिळून महिन्याला साडेबारा हजारांच्या आसपास जातात. भाडे तेरा हजार जात होते. दुरुस्ती व विमा धरला तर तूर्त बचत नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. परंतु गाडी दारात आहे, आणि वऱ्हाडास जात नाही.

नोंदणीपूर्वी पुतण्याने दिवसाउजेडी आवारात जाऊन गाडी पाहिली. टायरवर ‘३१२५’ होते. सांगाड्याचा क्रमांक त्याने कागदावर उतरवून घेतला, आणि त्याच क्रमांकाची गाडी आम्हांस मिळेल असे लिहून घेतल्यावरच उरलेली रक्कम भरली. पहिल्या फेरीत बंधू पुढच्या आसनावर बसले होते. वर्धनगडाच्या चढावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, “मोड काय दिलीत?” आम्ही म्हटले, “काही नाही. या वेळी नुसते नवे घेतले.” ते हसले आणि कोरेगाव येईपर्यंत डोळे मिटून स्वस्थ बसले.

विक्रेत्याचा कागद ज्यात भरून घ्यावयाचा, त्या कोऱ्या तक्त्याच्या चाळीस प्रती आम्ही आणल्या आहेत. भोजनोत्तर ज्यांस हव्या असतील त्यांनी मंडपाच्या दाराशी आमच्याकडून घ्याव्यात, मूल्य नाही.